शालनच्या रॉकेटची मोटर

कुपवाड,
१८ फेब्रुवारी १९७९

चि. हंबीरराव,

तुझी पेटी पोचली. एक कोपरा चेपलाय, पण आतला माल शाबूत आहे. तू वेगळ्या पत्रात लिहिलं होतंस की पेटी शालनच्या हाती देण्याआधी तिच्याशी नीट बोला. ते जमलं नाही. तुझ्या वहिनीनं पेटी पलंगाखाली सरकवली, पण ती लांब, निम्मी बाहेरच राहिली. शालन शाळेतून आली आणि दप्तर टाकायच्या आत तिनं ती ओढली. "अमेरिकेच्या बाबांनी पाठवलं?" म्हणाली. व्हय म्हणालो.  मग रॉकेटची पुठ्ठ्याची नळी, लाकडी पंख आणि लाल कागदाची छत्री पलंगावर मांडून नुसती बघत बसली. विजयमाला गेली तेव्हा ही एवढीशी होती, तिला आईचं तोंड आठवत नाही, पण बसायची ढब आईचीच आहे.

आता कामाचं. पेटीवर इंग्रजीत छापलंय की मोटर सोबत नाही, वेगळी घ्यावी. खाली तीन मोटरींची नावं आहेत, ए-आठ-तीन, बी-सहा-चार आणि सी-सहा-पाच. यातली कुठली घ्यायची ते तू लिहायचं विसरलास. मी आयटीआयमधून निघाल्यापासून शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरींची तार उलगडून परत गुंडाळतोय, पण असल्या नंबरची मोटर माझ्या हाताखालून गेलेली नाही.

आमच्या वर्कशॉपच्या मालकांना, बाळासोंना, पेटीचं झाकण नेऊन दाखवलं.

"पाव हॉर्सपॉवरची बसवा नाथाजीराव. खेळण्याला लय झाली."

"आवं मालक, ती पोरीच्या दप्तरापेक्षा जड हाय. नळीत माझा अंगठा जेमतेम जातोय."

"मग टेपरेकॉर्डरची बगा."

म्हणून सांगलीत रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून टेपरेकॉर्डरची मोटर आणली. नळीत बसली. फिरलीसुद्धा. पण ती फिरून करणार काय ते कळेना. पंखा लावायला जागा नाही. शेपटाचे पंख तर घट्ट चिकटवलेले, ते फिरायचे नव्हेत. शिवाय बॅटरी खाली राहणार की वर जाणार? वर गेली तर वजन, खाली राहिली तर वायर किती लांब सोडायची? हे शालननंच विचारलं.

आणखी एक. नळी आतून काळी आहे, काजळी धरल्यासारखी, आणि एक पंख परत चिकटवलेला दिसतो. तिकडचे कारखानदार उडवून बघून मग पाठवतात का? आम्हीही मोटर गिऱ्हाइकाला देण्याआधी चालवून बघतो, म्हणून विचारलं.

तू शालनच्या पासपोर्टच्या फोटोचं लिहिलंस, ते वाचलं. त्याचं पुढं बघू. आधी मोटर कुठली ते कळव. पोर रोज विचारते.

नाथाजी

*

कुपवाड,
२५ मार्च १९७९

हंबीर,

मोटर म्हणजे दारूची नळी, हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. बाळासोंना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "अमेरिकेत दारूला मोटर म्हणत्यात?" तुझ्या वहिनीला आधी प्यायची दारूच वाटली. मग मी फटाक्यातली म्हणून सांगितलं, तेव्हा ती जास्त घाबरली.

तू समजावून लिहिलंस ते माझ्या डोक्यात असं बसलंय. पहिलं अक्षर म्हणजे दारू किती, एपेक्षा बीत दुप्पट, बीपेक्षा सीत दुप्पट. मधला आकडा म्हणजे ती किती जोरानं ढकलणार. शेवटचा म्हणजे दारू संपल्यावर किती वेळ गप्प राहून मग हळू उतरायची छत्री बाहेर फेकणार. हे बरोबर असेल तर मला कळलं. आमच्याकडंही कुणाला किती हॉर्सपॉवर हवा ते विहिरीवर ठरतं, आणि उगीच मोठी मोटर लावली की पाइप फुटतो. हलक्या रॉकेटला पहिल्यांदा ए लावावी असं तू म्हणतोस, मलाही तेच पटतं. शालनला पटत नाही. ती म्हणते सी.

"सी लावली तर रॉकेट परत सापडायचं न्हाई," मी म्हणालो.

"सापडायला कशाला पायजे? वर गेलेलं दिसलं म्हंजे झालं."



पण पुढं तू लिहितोस की मोटर खेळण्याच्या कुठल्याही दुकानात मिळेल, पोस्टानं दारू पाठवता येत नाही म्हणून तिथंच घ्या. हंबीर, तू इथं सांगलीतच कॉलेजात होतास. गणपती पेठेत खेळण्याच्या दुकानात काय मिळतं? मी तरी गेलो. दुकानदारानं पिपाणी दाखवली. फटाकेवाला म्हणाला, "दिवाळी झाली की हो. मागचे बाण शिल्लक आहेत, पण सादळलेत." मी त्याला ए-आठ-तीन म्हणालो तर त्याला तो बसचा नंबर वाटला.

नळी आतून काळी का, याचं तू काहीच लिहिलं नाहीस. फोटोचं मात्र पहिल्या पानावर लिहिलंस आणि शेवटच्या पानावर परत लिहिलंस. इथल्या फोटोवाल्याचा कॅमेरा बिघडलाय. दुसरा आहे तो लग्नसराईत सापडत नाही. आणि शालनची परीक्षा आहे.

दारूचं काम जाणणारा कुणी मिळतो का बघतो.

नाथाजी

*

कुपवाड,
२९ एप्रिल १९७९

हंबीर,

तुझं पत्र बुधवारी आलं. आज रविवार. मधल्या दिवसांत मी बऱ्याच वेळा लिहायला बसलो.

नळी काळी का, ते कळलं. म्हणजे तुझ्या मुलानं ते रॉकेट आधी उडवलेलं आहे. म्हणजे तुला मुलगा आहे. म्हणजे लग्न झालेलं आहे, आणि मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणजे बरंच आधी झालेलं आहे. मी हे असं एकेक पायरीनं लिहितोय, कारण मला ते तसंच समजलं. आपली आई वारली तेव्हा तुझी तार आली होती. त्या तारेत जागा कमी असते, हे मला मान्य आहे. पण पत्रात असते.

आधी मला वाटलं, आपल्या लेकराचं वापरलेलं खेळणं आमच्या पोरीला धाडलंस. कागद चुरगाळला होता. मग परत उलगडून पुढचं वाचलं, की बहीण आहे म्हणून कळल्यावर त्यानं स्वतःहून पेटीत घातलं, ते त्याचं सगळ्यात आवडतं होतं. हे वाचून राग कुठं ठेवायचा ते कळेना. तुझ्यावर ठेवावा तर पोरगं मधे येतं.

तुझ्या वहिनीला, अंबूला, सांगितलं. ती ज्वारी निवडत होती.

"बाई कुठली?"

"तिकडचीच."

"पोरगा?"

"आठ वर्साचा. डॅनियल म्हणत्यात."

ती पुढं निवडत राहिली. निवडून झालेली ज्वारी परत सुपात घेऊन निवडली. तेव्हापासून तिनं तुझं नाव काढलेलं नाही.

शालनला अजून यातलं काही सांगितलं नाही. काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची?

असो. मोटरचं. अंबूचा मावसभाऊ कोंडीबा लोणंदजवळ राहतो, साताऱ्यापर्यंतच्या गावांना जत्रेचं दारूकाम करून देतो. शालनची परीक्षा संपली तशी तिला घेऊन गाडीनं गेलो. कोंडीबानं नळी फिरवून फिरवून पाहिली.

"ह्यात बसंल असा बाण करतो की. त्यात काय अवघड?"

"वर गेल्यावर जरा थांबून छत्री बाहेर पडाय पायजे."

"थांबून?"

"व्हय. गप ऱ्हायचं आन मग हळू ढकलायचं."

"दाजी, आमचा बाण वर जाऊन फुटतो. लोक त्यासाठीच पैसं देत्यात. गप ऱ्हायला कोण देतंय?"

शालन मधेच म्हणाली, "मामा, छत्री नसली तरी चालंल." कोंडीबा हसला. जत्रा उरकल्या की करून देतो म्हणाला. मी त्याला बजावलं, ए म्हणजे अगदी थोडी. त्यानं मान हलवली, पण त्याला थोडी म्हणजे किती वाटतं ते मी विचारायला हवं होतं.

पासपोर्टचं तू आता स्पष्टच लिहिलंस, की पुढच्या वर्षी तिला तिथल्या शाळेत घालायचं आहे, आणि ती तुझी मुलगी आहे. ती तुझी आहे, यात मी कधी वाद घातला? मला फक्त कळत नाही, की मी तुला होय लिहायचं म्हटलं तर ते वाक्य कसं असतं.

नाथाजी

*

कुपवाड,
२७ मे १९७९

ती. बाबांना,

मी शालन लिहीत आहे. अण्णा सांगतात आणि मी लिहिते. अण्णांच्या उजव्या हाताला थोडं लागलं आहे म्हणून.

हंबीर, इकडे सर्व ठीक आहे. काळजी नसावी. कोंडीबानं मोटर केली होती. रॉकेटला लावण्याआधी ती लोणंदलाच लोखंडी पाइपात ठेवून पेटवून बघितली. ती जरा जास्त झाली.

हे अण्णांनी सांगितलं तसं लिहिलं. आता ते पाणी प्यायला गेलेत म्हणून खरं लिहिते. ती फुटली. मामा म्हणाले थोडी दारू घालून पाव्हण्यांना काय दाखवायचं, म्हणून त्यांनी जास्त घातली होती. अण्णांनी मला लांब बाभळीखाली उभं केलं होतं आणि स्वतः जवळ होते. त्यांची तीन बोटं आणि तळवा भाजला. ते ओरडले नाहीत. मामाच रडले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटं राहतील असं सांगितलं, पण इतक्यात कामाला जायचं नाही. आईनं रॉकेट माळ्यावर टाकलं आहे आणि शिडी शेजारच्या शालूबाईंकडे ठेवली आहे.

अण्णा आले. हंबीर, तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं आहे.

मी विचारलं, बाबांनी काय विचारलंय? अण्णा म्हणाले, लिही की उत्तर पुढच्या पत्री. मी म्हटलं, प्रश्न माहीत नसताना मी कसं लिहू? तेव्हा आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तुला अमेरिकेला न्यायचं म्हणत्यात. आन तुला भाऊ हाय तिकडं, डॅनियल, ह्ये रॉकेट आधी त्यानंच उडवल्यालं. लिही आता." अण्णा म्हणाले, "अंबू." आई म्हणाली, "कवा सांगणार हुतासा? विमानात बसल्यावर?"

 वरती शाईचा डाग आहे तो तेव्हाचा.

आता अण्णा बाहेर गेलेत. पुढचं सगळं माझं आहे.

मला यायचं आहे की नाही ते मला माहीत नाही. मी अण्णांना विचारलं तर ते म्हणतात तू सांग. तुम्ही सांगा म्हटलं तर ते उठून जातात. तुम्ही मला नेलं तर आई आणि अण्णा कुठे राहणार? तिथे मराठी शाळा आहे का? तुमचा चेहरा मला फोटोतला माहीत आहे, त्यात तुम्ही खूप बारीक आहात. अजून तसेच आहात का?

डॅनियलला माझा एक प्रश्न विचारा. त्यानं कुठली मोटर लावली होती? त्याला माहीतच असेल. आम्ही सगळ्यांना विचारलं, पण ज्यानं उडवलं त्याला विचारलंच नाही.

तुमची
शालन

ता.क. अण्णांनी वाचायला मागितलं. मी दिलं. ते काही खोडायला सांगत नाहीत.

*

कुपवाड,
१५ जुलै १९७९

हंबीर,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. बोटं दुमडतात पण पेन धरताना ताठ होतात. या आठवड्यापासून कामाला जातोय. बाळासो बारीक तार मला देत नाहीत, जाड तेवढी देतात.

डॅनियलचं पत्र शालननं डिक्शनरी घेऊन लावलं आणि आम्हा दोघांना मराठीत सांगितलं. त्यानं पहिल्यांदा ए लावली होती, तेव्हा छान उडालं. दुसऱ्यांदा तू म्हणालास सी लाव, मोठं बघू. ते शेजाऱ्याच्या झाडांपलीकडे गेलं, शोधायला संध्याकाळ झाली आणि पंख मोडला. ए चांगली, असं त्यानं खाली दोन रेघा मारून लिहिलंय. शालननं ते वाचलं आणि म्हणाली, "मग एच लावू." मी मार्चपासून तेच सांगत होतो. पण बरं झालं.

तिनं शालूबाईंकडून शिडी स्वतः आणली. अंबूनं अडवलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही तिघं लोणंदला गेलो. कोंडीबा माझ्या हाताकडं बघत नव्हता. मी म्हणालो, "कोंडीबा, पोरीच्या दिवाळीच्या बाणात असती तेवढीच घाल, वर चिमूटभर न्हाई." त्यानं माझ्यासमोर भरली. थांबून ढकलायचं त्याला जमणार नव्हतं, म्हणून छत्री पेटीतच ठेवली. शालननं आपल्या वेणीच्या रिबिनी सोडून शेपटाला बांधल्या, म्हणजे खाली येताना वेग कमी होईल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पेटवायला वात नको म्हणालो. माझी वायर, बाळासोंच्या मोटरसायकलची बॅटरी, आणि सगळे बांधाच्या मागं. निदान एवढं तरी माझ्या कामातलं होतं.

माळावर गेलो. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ. आता तू तिकडं असून तुला कितपत माहीत आहे कोण जाणे, पण तुमच्या देशाचं ते स्कायलॅब, आभाळात फिरणारी प्रयोगशाळा, कुठंतरी पडणार म्हणून इथं सगळे हबकले होते. रेडिओ रोज सांगत होता. लोणंदच्या बाजारात लोक म्हणत होते, सातारा जिल्ह्यावरच पडणार. कुणी कोंबडी कापून खाल्ली, म्हणे आता वाचतोय कुठं. असल्या दिवसांत आम्ही रॉकेट उडवतोय हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

शालननं बटण दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मी उठणार तेवढ्यात अंबूनं माझा सदरा मागून धरला. आणि मग ते गेलं. सूं करून, जरा पूर्वेला कलून, माळावरच्या बाभळींच्या दुप्पट तिप्पट वर. फार नाही. पण गेलं हंबीर. वर जाऊन थोडं थबकलं, वळलं, आणि रिबिनी फडफडवत कोलांट्या खात खाली यायला लागलं. शालन तोंड उघडं ठेवून बघत होती. मी आभाळाकडं कमी आणि तिच्याकडंच जास्त बघितलं.

ते पडलं पलीकडं, बनुबाई धनगरणीच्या मेंढरांत. मेंढरं चहूकडं पांगली आणि म्हातारी खाली बसून डोक्यावर हात घेऊन म्हणत होती, "पडलं, पडलं, हितंच पडलं." आम्ही पळत गेलो तवर वाडीतली माणसंही आली, पोलीस पाटील आले.

पाटलांनी लांबूनच काठीनं रॉकेट हलवलं. "ह्ये अमेरिकेचंच न्हवं?"

मी काय खोटं सांगणार? "व्हय," म्हणालो, "अमेरिकेचंच."

लोक दोन पावलं मागं सरकले. मग शालन पुढं झाली आणि तिनं ते उचललं. "माझ्या भावाचं हाय," म्हणाली. "पोस्टानं आलंय."

भाऊ हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. आधी कोंडीबा हसला, मग पाटील, मग म्हातारीसुद्धा. नंतर सगळी माणसं मेंढरं गोळा करत बसली, आम्हीही. नळी मधोमध दुमडली आहे. शालन म्हणते नवी नळी करता येईल, पुठ्ठा तर आपल्याकडंही मिळतो.

परत येताना गाडीत ती खिडकीशी झोपली. तेव्हा अंबू मला म्हणाली, "तिला इचारलं मी. म्हनली, बगून येते." एवढंच. जाते असं नाही, राहते असंही नाही. बगून येते म्हणजे काय धरायचं? मी अजून त्याचाच विचार करतोय.

सोबत फोटो आहेत. फोटोवाल्याचा कॅमेरा कधी बिघडला नव्हता, ते तुलाही कळलं असेलच. कान दिसायला हवेत म्हणून त्यानं केस मागं घ्यायला लावले, त्यानं ती मोठी दिसते. तेवढी मोठी नाही ती. अंधारात एकटी मोरीत जात नाही. दुधावर साय आली तर पीत नाही. ताप येणार असला की आदल्या दिवशी चिडचिड करते, तेव्हा तिला रागवायचं नसतं. हे तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहितोय.

फोटो पाठवले म्हणजे होय म्हटलं असं समजू नकोस, आणि नाही म्हटलं असंही नको. मला ते ठरवता आलेलं नाही. एकच ठरवलंय. रॉकेट पोस्टानं आलं, पोर तशी जाणार नाही. कुणा ओळखीच्या माणसाबरोबर धाडा असं तू लिहिलंस, ते होणार नाही. तू स्वतः ये. बायकोला आणि पोराला घेऊन ये. चार दिवस या घरात राहा, शालनशी बोल, तिला तुझा आवाज ऐकू दे. मग ती काय म्हणते ते आपण दोघं भाऊ मिळून ऐकू. तेव्हा मी उठून बाहेर जाणार नाही.

तुझी वहिनी तुझ्याशी अजून बोललेली नाही, या पत्रातही काही लिहा म्हणत नाही. पण काल तिनं ट्रंकेतली जुनी लुगडी काढली आणि वाकळेला घातली. तिकडं थंडी कितपत असते ते मला विचारलं. मी म्हणालो, बर्फ पडतो. मग आणखी दोन लुगडी काढली. आज दुपारी शिवता शिवता, वर न बघता म्हणाली, "त्या पोराची उंची किती हाय ते इचारा."

दोन वाकळा करतेय ती. तेवढं मोजून कळव.

नाथाजी